गप्प बसायची तालीम

रंगारीकाकांच्या घरी फोन कशाला होता, हे आम्हाला कधी कळलं नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये त्यांच्या आणि आमच्या घरामध्ये तीन घरं होती. तरी काकांनी परसातून काकूंना 'रमा, चहा ठेव' म्हटलं की मी आमच्या स्वयंपाकघरातलं आधण उतरवायची, कारण पाठोपाठ 'मोनाली, तू पण ये' अशी हाक यायचीच. ओक ट्री रोडवरच्या भाजीच्या दुकानात त्यांनी 'कोथिंबीर घेतली काय?' असं काकूंना विचारलं, तर चार अनोळखी बायका आपापल्या पिशवीत डोकावून बघायच्या. चौदा एप्रिलला आम्ही शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन बाबासाहेबांची जयंती करायचो, तेव्हा बुद्धवंदना काकाच घ्यायचे. त्या हॉलला माइक आहे की नाही हेसुद्धा पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

राजाराम रंगारी हे त्यांचं पूर्ण नाव. त्र्याहत्तर साली नागपूरहून इंजिनिअर होऊन इकडे आले आणि एका पॉवर प्लांटमध्ये बॉयलर सांभाळत राहिले. अंगानं ठेंगणे, शर्ट कायम खोचलेला, खिशाला दोन पेनं. एवढ्याशा माणसात एवढा आवाज मावतो कुठे, असं बघणाऱ्याला वाटायचं. आम्ही सगळे समजायचो की बॉयलरच्या धडधडाटात उभी हयात गेली, त्याचा हा परिणाम. काकूंनी आयुष्यभर एकच वाक्य म्हटलं असेल, 'अहो, हळू!' त्याचा उपयोग झालेला मी तरी पाहिला नाही. मला स्वतःला काकांचा आवाज आवडायचा. हळू बोलणाऱ्या माणसांचा मला मुळातच संशय येतो.

शहाण्णव सालच्या वसंतात आमच्या घरी जेवायला डॉक्टर राजीव आणि आसावरीताई आले होते. रंगारीकाका-काकू तर घरचेच. डॉक्टर हृदयाचे, माणूस भला, पण फोटोग्राफीचं वेड भयंकर. त्यांनी नुकतीच दुधाच्या गॅलनएवढी एक लेन्स घेतली होती आणि त्या लेन्सला साजेसं काही न्यू जर्सीत मिळत नव्हतं. म्हणून ऑगस्टमध्ये केनियाला सफारीला जायचं ठरवत होते. मसाईमारा, सिंह, बिबटे, लाखोंनी नदी ओलांडणारी विल्डबीस्ट. छप्पर उघडणारी एक व्हॅन, तिच्यात सहा माणसं. ते दोघं, माझा नवरा अमित आणि मी मिळून चार झाले होते.

"अजून दोन सीट आहेत," डॉक्टर म्हणाले. "कोणी शांत कपल मिळालं तर बघतोय."

काका वरणभात कालवता कालवता थांबले. "आम्ही येतो ना!"

वरच्या मजल्यावर झोपलेला आमचा मुलगा उठून रडायला लागला.

डॉक्टर चांगलेच पेचात पडले. "रंगारीसाहेब, राग मानू नका, पण तिथे एक शब्द बोललेला चालत नाही. जनावर निघून जातं. मग सगळ्या ट्रिपचा विचका."

"मी नाही बोलणार," काका म्हणाले. अमित मुलाला थोपटायला वर गेला.

मग काकांनी सांगितलं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. घराबाहेर पडलं की जंगलच. वाघ होते, बिबटे होते, अस्वलं तर विचारूच नका. "पायाचे ठसे पाहिले मी," काका बोटांवर मोजत सांगत होते. "झाडावरचे ओरखडे पाहिले. बाजूच्याची बकरी नेली, ते रक्त पाहिलं. पण जनावर नाही पाहिलं, डॉक्टरसाहेब. एकदासुद्धा नाही."

"झूमध्ये?" आसावरीताईंनी विचारलं.

"पिंजऱ्यातलं काय पाहायचं? त्याच्या घरी जाऊन पाहायचं आहे मला. साठीला आलो आता. एकदा डोळे भरून पाहू द्या, मग काही मागणार नाही."

असं कोणी म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? डॉक्टरांनी अट घातली. काकांच्या परसात संध्याकाळी हरणं यायची. न्यू जर्सीत हरणांना कोणी भीत नाही आणि हरणंही कोणाला भीत नाहीत. ती काकूंचा भाजीपाला खायला यायची, आणि काका मागचं दार उघडून 'हाऽऽट!' असे गरजले की थेट शेजारच्या टाउनमध्ये जाऊन थांबायची. डॉक्टर म्हणाले, "हरणं येऊन पोटभर खाऊन आपणहून परत जाईपर्यंत तोंडातून आवाज काढायचा नाही. एवढं जमलं तर सीट तुमची."

दुसऱ्याच दिवसापासून तालीम सुरू झाली. काका कामावरून आले की मागच्या काचेच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे. पहिल्यांदा त्यांनी तोंडात पाण्याची गुळणी धरली. हरणानं वांग्याच्या रोपाला तोंड लावलं मात्र, 'हाऽऽट' बाहेर आलं आणि सगळं पाणी काकूंच्या साडीवर. मग त्यांनी तोंडात रुमाल कोंबून बघितला. तो रुमाल परसात जाऊन पडला. मग अमितनं सुचवलं म्हणून मनातल्या मनात पाढे म्हणून पाहिले. ते एकोणीसच्या पाढ्यापर्यंत पोचले होते, तेवढ्यात हरणांनी मेथीकडे मोर्चा वळवला आणि एकोणीसचा पाढा ओरडूनच पुरा झाला.

पण माणूस जिद्दीचा. हळूहळू जमू लागलं. खुर्चीचे हात घट्ट धरायचे, जबडा आवळायचा, घाम फुटायचा, पण आवाज नाही. आणि जसजसं काकांना जमू लागलं, तसतशी काकूंची बाग उजाड होत गेली. नागपूरहून आणलेल्या बियांची अंबाडी, गवार, भेंडी. कशीबशी या थंड मातीत रुजवलेली. हरणांना बातमी लागली की या घरी आता कोणी ओरडत नाही. त्यांनी नातेवाईकही बोलावले. काकू मला म्हणाल्या, "तीस वर्षं मी यांना हळू बोला म्हणत होते ना? घे. आता गप्प बसलेत, तर पानात भाजी नाही."

परीक्षेच्या रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे चहाला जमलो. तीन हरणं आली. वांगी संपवली, अंबाडी खुडली, मग सावकाश भेंडीत शिरली. काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला होता. काकांच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, पण तोंड बंद. हरणांनी ढेकर द्यायचं तेवढं बाकी ठेवलं आणि शेपट्या उडवत गेली. डॉक्टरांनी उठून काकांचा हात हातात घेतला. "पास!"

"झालात पास," काकू म्हणाल्या. "माझ्या भेंडीच्या जिवावर." आणि त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या.

ऑगस्टमध्ये मुलाला सासूबाईंकडे ठेवून आम्ही निघालो. चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी हे सगळं होतंच. त्याशिवाय मराठी माणूस कुठे जातो? मसाईमारात आम्हाला जोसेफ नावाचा ड्रायव्हर मिळाला. उंच, हसरा, सहा माणसांच्या खाऊच्या पिशव्या बघून जराही न दचकलेला. पहिल्या फेरीतच झेब्रे दिसले, जिराफ दिसले, हत्तींचा कळप चिखलात लोळताना दिसला. काका गप्प! नुसते हातवारे. जिराफ दिसला की मान उंच करायचे, हत्ती दिसला की आनंदानं माझ्या पाठीत धपाटा घालायचे. त्यांच्या डोळ्यांत असा काही हरिख होता की मी जनावरं सोडून त्यांच्याकडेच बघत बसायची. "यार, काका तर आपल्यापेक्षा शांत आहेत," अमित म्हणाला, आणि डॉक्टरांनी अमितलाच दटावलं.

पण काकांना हवं होतं ते वेगळं. पंजावालं. ज्याचे ठसे पाहिले होते, ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहिणी दिसल्या. कोवळ्या उन्हात गवतात पसरलेल्या, आणि झुडपाखाली आयाळवाला सिंह. व्हॅन त्यांच्या इतकी जवळ थांबली की त्यांच्या कानांवरच्या माश्यासुद्धा दिसत होत्या. डॉक्टरांनी लेन्स लावली. काका माझ्या मागच्या सीटवर होते, त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. ते वाकून जागा शोधत होते. काकूंना तर राहवेनाच. त्या सीटवर चढल्या आणि उघड्या छपरातून कमरेपर्यंत बाहेर वाकल्या. तेवढ्यात एक सिंहीण उठली. आळस देऊन सरळ आमच्या व्हॅनकडे चालू लागली.

"हाऽऽऽट! हाट, हाट, हाऽऽऽट!"

काकांनी दोन्ही हातांनी व्हॅनचा पत्रा बडवला. सिंहिणी उडाल्या. सिंह उडाला. दूरवरचे झेब्रेसुद्धा पळाले. पलीकडच्या व्हॅनमधल्या गोऱ्या बाईनं दुर्बीण सिंहांवरून काढून आमच्यावर लावली. जोसेफ फार सभ्यपणानं म्हणाला की असं पुन्हा केलं तर रेंजर आपल्याला पार्कच्या बाहेर काढतील.

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला होता. "एक फोटो, रंगारीसाहेब! एक फोटो मिळाला नाही! हे काय तुमचं परस आहे?"

काकांनी मान खाली घातली. मला भयंकर राग आला. मी डॉक्टरांना म्हटलं, "फोटोच हवे होते तर कॅलेंडर घ्यायचं होतंत, स्वस्त पडलं असतं." आसावरीताईंनी माझा दंड दाबला. जोसेफनं व्हॅन कॅम्पकडे वळवली.

दुपारी जेवणाच्या तंबूत काका ताटात नुसती बोटं फिरवत होते. "उद्या तुम्ही जा," ते म्हणाले. "मी इथंच थांबतो. माझ्यापायी तुमची ट्रिप खराब नको. माझं झालं पाहून."

"काय झालं पाहून?" काकू म्हणाल्या. "खरं सांगा त्यांना."

काका ओशाळले. "ओरडताना माझे डोळे मिटतात," ते म्हणाले. "लहानपणापासूनची सवय आहे. उघडून पाहतो तर गवत."

मला हसू आवरेना आणि रडूही. एवढ्या लांब येऊन, पाच पावलांवर सिंह असताना, या माणसानं काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं.

"पण काका, ओरडलात कशाला? इतकं छान जमलं होतं," आसावरीताई म्हणाल्या.

"रमा बाहेर होती ना," काका म्हणाले. आम्ही बघत राहिलो, तेव्हा त्यांना वाटलं की आणखी सांगायला पाहिजे. "माझी माय मोहाची फुलं वेचायला जायची. उन्हाळ्यात, पहाटे, जंगलात. त्याच वेळी अस्वल येते मोहावर, वाघबी असायचा. ती खाली वाकून वेचायची, तिचं लक्ष नसे. म्हणून मला घेऊन जायची. माझं काम एकच, ओरडायचं. ती वेचून उठेपर्यंत ओरडत राहायचं. मी जरा दम घ्यायला थांबलो, की ती घाबरून उभी राहायची. मला वाटे, मी गप्प बसलो आणि तिला काही झालं तर?" काका पाणी प्यायले. "तिला कधी काही झालं नाही. म्हातारी होऊन गेली बापा, घरात, खाटेवर. पण ते काही गळ्यातून जात नाही. आपलं माणूस वाकलेलं दिसलं, की आवाज निघतेच."

बॉयलरचा काही संबंधच नव्हता. हा आवाज गावाहून आला होता. इतकी वर्षं आम्ही ज्याची टिंगल करत होतो, ती एका पोरानं आईची केलेली राखण होती. मला एकदम माझी आई आठवली.

डॉक्टर बराच वेळ काट्यानं बटाटा कुस्करत होते. मग म्हणाले, "उद्या तुम्ही पुढे बसायचं, जोसेफच्या शेजारी. काकू मधल्या सीटवर, आणि त्यांना उठू द्यायचं नाही. त्यांना मी धरून ठेवतो."

"मला कशाला धरायचं?" काकू उसळल्या. भाषा न कळताही तंबूतले वाढपीसुद्धा हसायला लागले.

दुसऱ्या दिवशी आमची शेवटची फेरी होती. ऊन चढायला लागलं तरी पंजावालं काही दिसेना. जोसेफ रेडिओवर बोलत होता, वाटा बदलत होता. काका पुढे ताठ बसून समोर बघत होते. त्यांच्या टाळूवर घाम आला होता, आणि मी, जिनं आयुष्यात कधी देवाला काही मागितलं नाही, ती मनात म्हणत होते की बाबा रे, असशील तर एक पाठव.

नदीकाठच्या एका मोठ्या झाडाखाली जोसेफनं इंजिन बंद केलं आणि काकांच्या मांडीवर हलकेच हात ठेवला. मग वर बोट दाखवलं.

आडव्या फांदीवर बिबट्या होता. मादी. चारही पाय लोंबकळत सोडून पडलेली, उन्हाचे कवडसे आणि अंगावरचे ठिपके एकमेकांत मिसळलेले. काकूंनी मागून काकांच्या खांद्यावर हात ठेवला. ती मादी उठली, अंग ताणलं आणि खोडावरून डोकं खाली करून उतरली. खाली आल्यावर तिनं घशातून खरखरीत हाक दिली, तसं गवतातून मांजराएवढं पिल्लू धडपडत बाहेर आलं. आणि मग ती दोघं सरळ आमच्या वाटेनं चालत आली.

व्हॅनपाशी. काकांच्या दारापाशी. काच पूर्ण खाली होती. काकांनी हात लांबवला असता तर तिच्या पाठीला लागला असता. मला मागून त्यांचा एक गाल आणि मान दिसत होती. शिरा तटतटल्या होत्या, तोंड उघडं पडलं होतं, पण आवाज नाही. आणि दारावरच्या आरशात त्यांचे डोळे, टक्क उघडे.

आणि नेमक्या त्या क्षणी डॉक्टरांच्या कॅमेऱ्यातला रोल संपला. कॅमेरा घर्रर्र करून तो आपोआप गुंडाळायला लागला.

"अरे यार! रोल!" डॉक्टर ओरडले. अगदी पूर्ण आवाजात.

मादी थबकली. मान वर करून तिनं खिडकीकडे पाहिलं. काकांकडे. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं. काकांनी मागे वळूनही पाहिलं नाही; नुसता हात मागे केला आणि एक बोट उभं धरलं, गप्प! हृदयाचे मोठे डॉक्टर शाळेतल्या मुलासारखे तोंडावर हात ठेवून बसले.

मादीनं बराच वेळ बघितलं. मग तिला वाटलं असावं, यांच्यात काही दम नाही. ती तिथंच, व्हॅनच्या सावलीत खाली बसली आणि पिल्लाला चाटायला लागली. कान, पाठ, शेपटी, सगळं पोर आपल्या सवडीनं धुऊन काढलं. मग उठली आणि पिल्लाला पुढे घालून गवतात गेली. गवताचे शेंडे जरा हलले, मग तेही थांबले.

काका समोरच्या गवताकडे बघत होते. जोसेफनं किल्लीला हात लावला आणि काकांकडे बघून परत काढून घेतला.

शेवटी काकूंना राहवलं नाही. "अहो, बोला की काहीतरी," त्या म्हणाल्या. "ओरडा हवं तर. तुम्ही असे गप्प बसलात की मला भीती वाटते."

काका वळले. त्यांचे दोन्ही गाल ओले होते. ते बोलले तेव्हा आम्हाला पुढे वाकावं लागलं. रंगारीकाकांचं बोलणं ऐकायला वाकावं लागण्याची ती आमची पहिलीच वेळ.

"रमा, मी गप्प होतो," ते म्हणाले. "आणि कोणाला काही झालं नाही."

"नाही झालं," काकू म्हणाल्या. "सगळे इथंच आहोत."

तरीही त्यांनी मागे वळून एकेकाकडे नीट बघून घेतलं. काकूंकडे, माझ्याकडे, अमितकडे, आसावरीताईंकडे, रिकामा कॅमेरा मांडीवर घेऊन बसलेल्या डॉक्टरांकडे. जोसेफकडेसुद्धा. मग त्यांना जे हसू फुटलं, ते नदीपलीकडेही ऐकू गेलं असणार. आणि या वेळी त्यांना 'हळू' म्हणायला काकूंकडे आवाजच उरला नव्हता, कारण त्या त्यांच्याहून मोठ्यानं हसत होत्या.